कनेक्शन तुटलं तरी काम तुटू नये

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर टर्मिनल उघडून देणारा प्रोग्राम, वापरून सर्व्हरवर लॉगइन केलं, मोठं काम लावलं, मध्येच कनेक्शन गेलं आणि काम हातचं गेलं. म्हणून हे सदर सगळंच्या सगळं त्याच विषयाला दिलं आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत करायच्या, आणि मुद्दाम ‘कॅपिटल’ असं सांगितलं नसेल तर लहान अक्षरांत.

प्रश्न : ताई, मी पीएचडी करते. विभागाच्या सर्व्हरवर एसएसएचनं लॉगइन करून रात्री साडेदहाला मॉडेलचं ट्रेनिंग लावलं. आकडे पुढे सरकताना दिसले, तेव्हा लॅपटॉप मिटून झोपले. सकाळी पाहते तर प्रोसेस गायब. लॉग फाइलमधली शेवटची ओळ १०:४७ ची आहे. सर्व्हर बंद पडला नव्हता, मेमरीही भरपूर होती. लॅपटॉप मिटल्यावर सतरा मिनिटं काम चाललं आणि मगच का थांबलं?
(एक संशोधक विद्यार्थिनी)

उत्तर : १०:४७ ही वेळ तुम्ही कळवलीत ते फार बरं झालं. सगळं उत्तर त्या सतरा मिनिटांतच आहे.

लॅपटॉप मिटला की तो सर्व्हरचा निरोप घेत नाही, थेट झोपी जातो. सर्व्हरच्या लेखी तुम्ही अजून तिथेच बसलेल्या असता. तुमचा प्रोग्राम प्रगतीच्या ओळी छापत राहतो आणि एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवरचा एसएसएचचा प्रोग्राम, त्या तुमच्याकडे पाठवत राहतो. पोच येत नाही म्हणून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, मग पुन्हा, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. लिनक्समध्ये मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर हे १५ वेळा होतं आणि त्यात निदान ९२४ सेकंद जातात, म्हणजे सव्वापंधरा मिनिटांहून थोडं जास्त. त्यानंतर कर्नल कनेक्शन मेलं असं ठरवतो आणि एसएसएचडी आवरतं घेतो. तुमचं ट्रेनिंग गेलं ते त्या क्षणी. लॅपटॉप मिटताना नाही.

एसएसएचडी गेला तर ट्रेनिंग का जावं? तुम्ही लॉगइन केलंत तेव्हा एसएसएचडीनं तुमच्यासाठी एक आभासी टर्मिनल उघडलं. त्याला पीटीवाय म्हणतात. त्याचं एक टोक एसएसएचडीच्या हातात असतं आणि दुसऱ्या टोकाला तुमचं शेल, म्हणजे तुमच्या आज्ञा घेणारा प्रोग्राम, बसलेलं असतं. एसएसएचडीनं आपलं टोक सोडलं की कर्नल शेलला सिगहप हा सिग्नल पाठवतो. हा सिग्नल क्रमांक १. टर्मिनल फोनच्या लाइनीवरून मोडेमनं जोडलेली असत तेव्हापासूनचा हा सिग्नल, आणि त्याचा अर्थ एवढाच की लाइन गेली, पलीकडे आता कोणी नाही. बॅश शेल हाच सिग्नल आपण सुरू केलेल्या प्रत्येक कामाला पुढे पाठवतं. ज्या प्रोग्रामनं सिगहपसाठी वेगळी तजवीज केलेली नसते तो तिथेच संपतो. म्हणजे बिघाड कुठेच झाला नाही, सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. फक्त तुमचं ट्रेनिंग तुमच्या कनेक्शनच्या मालकीचं होतं.

त्यामुळे माझं म्हणणं असं की कनेक्शन टिकवण्याच्या मागे लागण्याआधी कामाची मालकी बदला. त्यासाठी टीमक्स वापरा. कनेक्शन असो वा नसो, सर्व्हरवर तुमचं टर्मिनल चालू ठेवणारा हा प्रोग्राम. त्याची अक्षरं टी-एम-यू-एक्स. लॉगइन केल्या केल्या, ट्रेनिंग लावायच्या आधी, ही आज्ञा द्या: टीमक्स न्यू -ए -एस ट्रेनिंग. यातला ए कॅपिटल आहे. ‘ट्रेनिंग’ नावाचं सेशन असेल तर त्यात जा, नसेल तर नवीन उघड, असा तिचा अर्थ. खाली एक हिरवी पट्टी येईल. आता नेहमीसारखं काम लावा. बाहेर पडायचं असेल तेव्हा कंट्रोल आणि बी एकत्र दाबून सोडा, मग नुसतं डी दाबा. तुम्ही मूळ शेलवर परत याल आणि काम आत चालू राहील. सकाळी लॉगइन करून तीच आज्ञा पुन्हा द्यायची.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा हे स्वतः पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. टीमक्स न उघडता साध्या लॉगइनमध्ये पीएसट्री -एसपी टाइप करा आणि पुढे डॉलरचं चिन्ह दोनदा द्या. दोन डॉलर म्हणजे चालू शेलचा प्रोसेस क्रमांक. सर्वांत डावीकडे सिस्टिमडी, म्हणजे बाकी सगळ्या प्रोसेसचा मूळपुरुष, दिसेल, मग एकामागे एक एसएसएचडी, शेवटी बॅश. ही तुमच्या शेलची वंशावळ. आता टीमक्समध्ये शिरून तीच आज्ञा द्या. सिस्टिमडी, मग ‘टीमक्स: सर्व्हर’, मग बॅश. मधले एसएसएचडी नाहीसे झालेले असतील. टीमक्सचा सर्व्हर सुरू होतानाच तुमच्या लॉगइनपासून सुटून स्वतंत्र होतो, आणि आतल्या शेलचं पीटीवाय त्याच्या हातात असतं. तुमचं कनेक्शन तुटतं तेव्हा सिगहप जातो तो बाहेरच्या शेलला आणि तुम्ही आत पाहत होतात त्या टीमक्सच्या खिडकीला. सर्व्हरला आणि त्याच्या पोटातल्या कामाला त्याचा पत्ताही लागत नाही.

यावरून एक गोष्ट ओघानं आलीच, आणि ती मी नव्यानं शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते. डिटॅच करायचं, म्हणजे सेशन चालू ठेवून बाहेर पडायचं, राहिलं, तसाच लॅपटॉप मिटला, वीज गेली, तरी काही बिघडत नाही. कंट्रोल-बी आणि डी हा शिष्टाचार आहे, सुरक्षा नव्हे. सुरक्षा त्या पहिल्या आज्ञेत आहे, आणि ती कामाच्या आधी द्यावी लागते.

जाता जाता टीमक्सचं एक सेटिंग बदलून घ्या. मागे सरकून वाचण्यासाठी तो मुळात प्रत्येक चौकटीमागे २००० ओळी साठवतो, आणि रात्रभर चालणाऱ्या कामाला त्या पुरत नाहीत. घरच्या फोल्डरमध्ये डॉट टीमक्स डॉट कॉन्फ नावाची फाइल करून तीत सेट -जी हिस्टरी-लिमिट ५०००० असं लिहा. हे नव्यानं उघडलेल्या चौकटींनाच लागू होतं. मागे सरकायला कंट्रोल-बी आणि मग डावा चौकोनी कंस, बाहेर यायला क्यू.

प्रश्न : मॅडम, तुमचं टीमक्स वगैरे सगळं मान्य. पण मी आत्ता अडकलोय. डेटाबेसचा मोठा डंप साध्या एसएसएचमध्येच चढवायला लावला. चार तास झाले, अजून तेवढेच लागतील आणि मला तासाभरात निघायचंय. आता काय?
(एक डेटाबेस सांभाळणारे वाचक)

उत्तर : तुमच्यापर्यंत हे छापून पोचेल तोवर तो डंप एक तर चढलेला असेल किंवा गेलेला, त्यामुळे उत्तर पुढच्या वेळेसाठी देते.

सर्वांत आधी हे पाहा की लॅपटॉप उघडा आणि जोडलेला ठेवून जाता येतंय का. येत असेल तर तसाच ठेवा. चालत्या कामाला हात लावण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

येत नसेल तर कंट्रोल-झेड दाबा. काम थबकेल. मग बीजी लिहून एंटर दाबा, ते मागच्या बाजूला पुन्हा चालू होईल. मग डिसओन. शेल आपल्या कामांच्या यादीतून त्याचं नाव काढतं आणि सिगहप आला तर त्याला पाठवत नाही. इथे बरेच जण थांबतात आणि निर्धास्त होतात, पण अर्धीच वाट झालेली असते. त्या प्रोग्रामचा छापील मजकूर अजून जुन्या टर्मिनलकडेच जातोय. टर्मिनल गेल्यावर तो पुढची ओळ छापायला जाईल तेव्हा त्याला इनपुट-आउटपुट एरर मिळेल, आणि काही प्रोग्राम त्यावरच मान टाकतात. आउटपुट आधीपासून फाइलकडे वळवलेलं असेल तर हा धोका नाही.

वळवलेलं नसेल तर रेप्टायर नावाचं छोटं साधन आहे. त्याची अक्षरं आर-ई-पी-टी-वाय-आर. डिसओन झाल्यावर टीमक्स उघडायचं आणि आत रेप्टायर व पुढे त्या प्रोसेसचा क्रमांक द्यायचा. ते चालती प्रोसेस जुन्या टर्मिनलवरून उचलून या नव्या टर्मिनलवर आणून बसवतं. त्यासाठी ते पीट्रेस ही डीबगरची सोय वापरतं, आणि उबुंटूसारख्या वितरणांत सुरक्षेसाठी तिच्यावर बंधन असतं. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ दिसलं तर कारण बहुधा तेच. रूट, म्हणजे मशीनवरचा सर्वोच्च, अधिकार असेल तर यामा पीट्रेस-स्कोप ही कर्नलची किंमत तात्पुरती शून्य करता येते. काम झाल्याबरोबर ती परत १ करा, तशीच सोडू नका. ज्या प्रोसेसनं आणखी प्रोसेस काढलेल्या आहेत तिथे रेप्टायर अनेकदा नकार देतं, म्हणून त्याच्या भरवशावर काम सुरू करू नये. नेमक्या अशा अडचणीच्या वेळी मात्र ते उपयोगी पडतं.

नोहपबद्दलही काहींनी विचारलं आहे. नोहप, मग आज्ञा, शेवटी अँडचं चिन्ह, असं लिहिलं की प्रोग्राम सिगहपकडे दुर्लक्ष करतो आणि आउटपुट नोहप डॉट आउट या फाइलमध्ये जातं. एकदा सोडून दिलं की ज्याला काही विचारायचं नसतं अशा कामाला ते पुरेसं आहे. पण मध्येच ‘पुढे जाऊ का? हो/नाही’ असं विचारणाऱ्या कामाला तिथे उत्तर द्यायला वाटच उरत नाही.

प्रश्न : आमच्याकडचे जुने लोक स्क्रीन वापरतात, नवे टीमक्स. शिकायचं तर कोणतं?
(नुकतीच नोकरीला लागलेली वाचक)

उत्तर : टीमक्स. पण स्क्रीन या त्याच कामाच्या जुन्या प्रोग्रामच्या तीन आज्ञाही पाठ असू द्या, कारण कधी तरी अशा सर्व्हरवर पाठवतील जिथे तेवढंच असेल. स्क्रीन -एस आणि नाव (एस कॅपिटल) म्हणजे नवीन सेशन. कंट्रोल-ए आणि मग डी म्हणजे बाहेर. स्क्रीन -डी -आर म्हणजे दुसरीकडे उघडं राहिलेलं सेशन तिथून सोडवून इथे घेणं.

स्क्रीन १९८७ पासूनचं आहे. बर्लिनच्या तंत्र विद्यापीठातल्या ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी ते लिहिलं आणि पुढे ते ग्नू प्रकल्पात गेलं. टीमक्स निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये सुरू केलं, आणि २००९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनं आपल्या ४.६ आवृत्तीपासून ते मूळ प्रणालीतच घेतलं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ८ व्या आवृत्तीत स्क्रीन मुळात मिळत नाही, टीमक्स मिळतं. माझ्या मते खरा फरक रोजच्या हाताळणीत आहे. स्क्रीनचं कंट्रोल-ए हे बॅशमध्ये ओळीच्या सुरुवातीला जाण्याचं बटण आहे, त्यामुळे बोटं सारखी अडखळतात. खिडकी उभी-आडवी विभागणं आणि स्क्रिप्टमधून हुकूम देणं टीमक्समध्ये जास्त सरळ आहे. स्क्रीनकडे मात्र एक गुण आहे जो टीमक्सकडे नाही. ते सिरियल पोर्टला थेट जोडतं. राउटर किंवा छोटा बोर्ड केबलनं जोडून स्क्रीन, पोर्टचं नाव आणि ११५२०० हा वेग दिला की त्याचं कन्सोल समोर येतं. त्यासाठी मी अजूनही तेच वापरते.

आणखी एक, उबुंटूची आवृत्ती दूरवरून बदलताना डू-रिलीज-अपग्रेड ही आज्ञा स्वतःच स्क्रीनच्या आत चालू होते, शिवाय आयत्या वेळी आत शिरता यावं म्हणून १०२२ पोर्टवर दुसरा एसएसएचडी उघडते. ज्यांनी ते लिहिलं त्यांना कनेक्शनचा भरवसा किती धरायचा हे नेमकं कळलेलं होतं.

प्रश्न : ताई, माझं काम वाया जात नाही, पण थोडा वेळ दुसरीकडे लक्ष गेलं की टर्मिनल गोठतं. काही टाइप होत नाही, कंट्रोल-सीही चालत नाही. दर वेळी खिडकी बंद करून नवीन उघडावी लागते. शिवाय मी प्रवासात असतो, वायफाय आणि मोबाइल डेटा यांच्यात सारखी अदलाबदल होते. यावर काही आहे का?
(फिरतीच्या कामातले एक वाचक)

उत्तर : गोठलेल्या एसएसएचमधून सुटायला खिडकी बंद करावी लागत नाही. एंटर दाबा, मग टिल्ड म्हणजे ते नागमोडी चिन्ह, मग पूर्णविरामाचा टिंब. हे एसएसएच क्लायंट स्वतः ऐकतो, सर्व्हरपर्यंत जावं लागत नाही, म्हणून मेलेल्या कनेक्शनवरही चालतं. मात्र आधी कंट्रोल-क्यू दाबून पाहा. चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं तरी टर्मिनल असंच गप्प होतं आणि कंट्रोल-क्यूनं ते परत बोलतं.

काही वेळ शांत राहिल्यावर गोठण्याचं कारण बहुतेकदा मधला राउटर किंवा फायरवॉल असतो. कोणतं कनेक्शन कुणाचं याची यादी तो ठेवतो, आणि बराच वेळ हालचाल नसली की त्या यादीतून नाव काढून टाकतो. दोन्ही टोकांना मात्र कनेक्शन जिवंतच वाटत असतं. एसएसएच ज्या टीसीपी पद्धतीनं डेटा पोचवतं तिची स्वतःची चौकशी लिनक्सवर मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी सुरू होते. तोवर राउटर केव्हाच विसरलेला असतो. उपाय असा की तुमच्या मशीनवरच्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ही किंमत द्यायची. या फाइलमधली अशी नावं टाइप करताना मधल्या रेघा गाळून सलग लिहायची. माझ्या फाइलमध्ये ती ३० आहे आणि तिच्या जोडीला सर्व्हर-अलाइव्ह-काउंट-मॅक्स १०. दर ३० सेकंदांनी क्लायंट सर्व्हरची हाक घेतो, आणि सलग १० हाकांना ओ मिळाली नाही तर कनेक्शन सोडतो. दुसरी किंमत मुळात ३ असते. ती तशीच ठेवून इंटरव्हल ५ वगैरे केलात तर नेटवर्क पाव मिनिट गेलं तरी कनेक्शन तुटेल, आणि एरवी ते तगलं असतं. घाईनं छोटा आकडा घालणारे इथे फसतात.

वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात की तुमचा आयपी पत्ता बदलतो आणि टीसीपीचं कनेक्शन त्याच पत्त्याला बांधलेलं असतं, म्हणून तिथे वरच्या उपायाचा काही उपयोग नाही. तिथे एसएसएचच्या जागी मॉश हा प्रोग्राम वापरा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या कीथ विन्स्टाइन आणि हरी बालकृष्णन यांनी २०१२ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. मॉश आधी एसएसएचनंच लॉगइन करतं, सर्व्हरवर मॉश-सर्व्हर सुरू करतं, त्याच्याकडून एक गुप्त किल्ली घेतं आणि एसएसएच सोडून देतं. पुढचं सगळं यूडीपीवर, म्हणजे कायमचं कनेक्शन न बांधणाऱ्या पद्धतीवर, मुळात ६०००० ते ६१००० या पोर्टांमधल्या एकावरून चालतं. तुमचं पॅकेट कोणत्याही पत्त्यावरून आलं तरी किल्लीनं खरं ठरलं की सर्व्हर उत्तर त्या नव्या पत्त्यावर पाठवू लागतो. लॅपटॉप मिटून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नेटवर्कवर उघडलात तरी पडदा जिथल्या तिथे येतो. तुम्ही टाइप केलेलं अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता लगेच उमटतं, आणि नेटवर्क मंद असेल तर खात्री होईपर्यंत त्याखाली रेघ दिसते.

पण मॉश आहे म्हणून टीमक्स सोडू नका. तुमच्या बाजूला ती किल्ली फक्त लॅपटॉपच्या मेमरीत असते. लॅपटॉप रीबूट झाला की किल्ली गेली, आणि सर्व्हरवर चालू असलेल्या त्या मॉश सेशनमध्ये परत शिरायला मार्ग नाही. शिवाय मॉश फक्त समोरचा पडदा जुळवून ठेवतं, वर सरकून गेलेल्या ओळी देत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगही त्यात नाही. म्हणून बाहेर मॉश आणि आत टीमक्स अशी जोडी लावायची. तुमच्या सर्व्हरवर फायरवॉलनं यूडीपी अडवलेलं असेल आणि ते उघडून मिळत नसेल, तर एसएसएचवरच राहा आणि कॉन्फिग फाइलमध्ये त्या सर्व्हरसाठी रिक्वेस्ट-टीटीवाय येस आणि रिमोट-कमांड म्हणून वरची टीमक्सची आज्ञा लिहून ठेवा. मग परत जोडणं म्हणजे एसएसएच आणि सर्व्हरचं नाव, एवढंच. हे वेगळ्या टोपणनावाखाली लिहा. त्याच नावाखाली लिहिलंत तर आरसिंक आणि गिट अडतील, कारण त्यांना आपली स्वतःची आज्ञा पाठवायची असते.

प्रश्न : टीमक्स वापरूनही सेशन नाहीसं होतं. परत आल्यावर ‘नो सर्व्हर रनिंग’ असा संदेश. मग त्याचा उपयोग काय?
(एक त्रस्त वाचक)

उत्तर : वैतागणं साहजिक आहे, कारण संदेश एकच असतो आणि कारणं वेगवेगळी.

पहिल्यांदा होस्टनेम ही आज्ञा देऊन पाहा. मोठ्या क्लस्टरवर एकाच नावामागे अनेक लॉगइन मशीन असतात आणि दर वेळी तुम्ही वेगळ्यावर पोचू शकता. काल सेशन पहिल्यावर उघडलं असेल आणि आज तुम्ही तिसऱ्यावर असाल, तर ते तिकडे सुखरूप आहे. थेट त्या मशीनचं नाव घेऊन जा. अशा क्लस्टरवर तासन्‌तास चालणारं जड काम मात्र लॉगइन मशीनवर ठेवू नका. ते स्लर्मसारख्या शेड्यूलरकडे, म्हणजे कामं रांगेत लावून चालवणाऱ्या प्रणालीकडे, द्या. तिथे ते कोणत्याही टर्मिनलविना चालतं, टीमक्सचीही गरज पडत नाही.

मशीन तेच असेल तर पीग्रेप टीमक्स करा. क्रमांक दिसला म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, फक्त त्याच्याकडे जायची सॉकेट फाइल पुसली गेली आहे. ती टेंप फोल्डरमध्ये असते आणि जुन्या फाइली झाडणारी एखादी स्क्रिप्ट तिला उडवते. पीकिल -यूएसआर१ टीमक्स (यूएसआर१ कॅपिटल) असा सिग्नल दिला की सर्व्हर ती फाइल पुन्हा तयार करतो. सगळं गेलं असं समजून लोक नव्यानं काम लावतात आणि जुनं काम आत धावतच असतं. म्हणून नवीन काही लावायच्या आधी हे पाहाच.

क्रमांकच नसेल, आणि सेशन नेमकं लॉगआउट होतानाच जात असेल, तर सिस्टिमडीकडे पाहा. २०१६ मध्ये आलेल्या त्याच्या २३० व्या आवृत्तीनं, लॉगआउट झालं की त्या लॉगइनच्या सगळ्या प्रोसेस मारायच्या, असं मूळ सेटिंग केलं. त्यावर बराच वाद झाला आणि अनेक वितरणांनी ते आपल्याकडे बंद ठेवलं, पण सगळीकडे नाही. लॉगइंड डॉट कॉन्फमध्ये किल-यूजर-प्रोसेसेस या नावाची (सलग लिहिलेली) ओळ पाहा. ती ‘येस’ असेल तर आधी लॉगइनसीटीएल एनेबल-लिंगर करा, आणि टीमक्स सुरू करताना त्याच्या आधी सिस्टिमडी-रन --स्कोप --यूजर जोडा. मग तो तुमच्या लॉगइनच्या खात्यावर धरला जात नाही.

आणि अपटाइम या आज्ञेनं मशीन नुकतंच सुरू झालेलं दाखवलं, तर सेशन रीबूटमध्ये गेलं. त्यावर टीमक्सकडे इलाज नाही. टीमक्स-रेझरेक्ट आणि टीमक्स-कंटिन्युअम या टीमक्सला लावायच्या जोडण्या (प्लगइन) खिडक्यांची मांडणी आणि फोल्डर परत आणतात. दुसरी तर दर १५ मिनिटांनी आपोआप नोंद ठेवते. पण चालत्या प्रोग्रामच्या मेमरीत जे होतं ते त्या आणू शकत नाहीत. ज्या कामाला रात्र लागते त्या कामानं स्वतःच अधूनमधून आपली स्थिती डिस्कवर लिहिली पाहिजे. पहिल्या पत्रातल्या ट्रेनिंगलाही हे लागू आहे. टीमक्स असो वा नसो, चेकपॉइंट हवाच.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी टीमक्समध्ये परत गेलं की गिट पुश ‘परमिशन डिनाइड’ म्हणतं. नवीन टर्मिनलमधून मात्र जातं.
(एक प्रोग्रामर)

उत्तर : तुम्ही एजंट फॉरवर्डिंग, म्हणजे लॅपटॉपवरच्या एसएसएच किल्ल्या सर्व्हरवरून वापरू देणारी सोय, वापरताय. दर लॉगइनला एजंटच्या सॉकेटचा पत्ता नवा असतो, आणि टीमक्समधलं जुनं शेल कालचाच पत्ता धरून बसलेलं आहे. त्या शेलमध्ये इव्हॅल लिहा, मग दुहेरी अवतरणात डॉलर आणि गोल कंस, आणि कंसात टीमक्स शो-एन्व्ह -एस एसएसएच-ऑथ-सॉक (हे शेवटचं नाव कॅपिटलमध्ये, शब्दांमध्ये अंडरस्कोर). नव्यानं उघडलेल्या खिडक्यांना हा त्रास होत नाही, कारण पुन्हा अटॅच होताना टीमक्स नवा पत्ता नोंदवून घेतो. ज्या सर्व्हरचा रूट कोणाकडे आहे हे ठाऊक नाही तिथे एजंट फॉरवर्ड करूच नका. तुम्ही जोडलेले असेपर्यंत तो माणूस तुमच्या किल्ल्या वापरू शकतो.

प्रश्न : ऑफिसातलं सेशन घरून उघडलं की पडद्याचा एक कोपराच वापरला जातो, बाकी सगळे ठिपके.
(एक वाचक)

उत्तर : ऑफिसातला छोटा पडदा अजून त्याच सेशनला जोडलेला आहे आणि टीमक्स त्याच्या मापानं चालतोय. टीमक्स अटॅच -डी करा, बाकीचे सगळे सुटतील.

प्रश्न : सेशन असं उघडं टाकून जाणं सुरक्षित आहे का? आमच्या टीममध्ये यावर दोन तट आहेत.
(एका छोट्या टीमचे प्रमुख)

उत्तर : साध्या खात्याचं सेशन असेल तर मला त्यात अडचण दिसत नाही. टीमक्सची सॉकेट ज्या फोल्डरमध्ये असते ते फक्त तुमच्यासाठी उघडं असतं. दुसरा साधा वापरकर्ता आत येऊ शकत नाही, आणि रूट असलेला माणूस तर टीमक्स नसतानाही सगळं पाहू शकतो.

रूटचं शेल आत उघडं ठेवून डिटॅच करणं मात्र मी माझ्या टीममध्ये चालू देत नाही. तुमच्या साध्या खात्याचा पासवर्ड कोणाच्या हाती लागला तर एरवी त्याला सुडोचा, म्हणजे रूटचा अधिकार मागणाऱ्या आज्ञेचा, आणखी एक दरवाजा ओलांडावा लागला असता. तुमचं सेशन त्याला तो आयता उघडून देतं. लांबलचक काम रूटनं चालवायचं असेल तर तेवढी एकच आज्ञा सुडोनं द्या, म्हणजे ती संपली की अधिकारही संपतो. आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकानं टीमक्स एलएस करून स्वतःची यादी पाहावी. ज्या सेशनमध्ये काय चाललंय हे आठवत नाही त्यात आधी शिरून पाहावं, आणि मगच किल-सेशन -टी व त्याचं नाव देऊन ते बंद करावं.